मिठाचा जामीन

१

पान होतं. अक्षर होतं. शाईही होती. नव्हतं ते फक्त एक भोक.

सुप्रभाने भिंग खाली ठेवलं, डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं. वहीला कसर लागली होती ती कधीतरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी. त्या किड्याने पुठ्ठ्यातून शिरून सरळ बोगदा पाडला होता. पान पहिलं, दुसरं, दहावं, छत्तिसावं. प्रत्येक पानावर, डाव्या कडेपासून दोन बोटांवर, मोहरीएवढं भोक. अडतिसाव्या पानावरही तेच आणि तिथेच. थेट एकसष्टाव्या पानापर्यंत. पुढे किडा थकला असावा, नाहीतर मेला असावा. शेवटची कोरी पानं अगदी धडधाकट होती.

आणि मधलं सदतिसावं पान? तेही धडधाकट.

"छत्तिसाव्यावरून अडतिसाव्यावर किडा काय उडी मारून गेला?" ती स्वतःशीच पुटपुटली.

केंब्रिजच्या त्या छोट्या खाजगी संग्रहालयात ती एकवीस वर्षं जुन्या कागदांची डागडुजी करत होती. फाटलेलं सांधायचं, विटलेलं जपायचं. पण सदतिसावं पान म्हणजे कुणाच्या तरी जुन्या बिलाचा कागद नव्हता. त्या पानावर एका देशाचा जीव टांगलेला होता.

ओरुआ नावाचं बेट. नकाशावर पाहायला गेलं तर तिळाएवढं. दुसऱ्या महायुद्धात साम्राज्याला तिथलं बंदर हवं होतं. एक बडे साहेब वाटाघाटीला गेले. बेटाच्या म्हाताऱ्या राणीने बंदर दिलं. लढाई संपली, बंदर राहिलं साहेबांकडेच, आणि बेटही. बेटावरचे लोक ऐंशी वर्षं म्हणत होते, आम्हाला स्वातंत्र्याचं वचन दिलं होतं. सरकारी दप्तर म्हणत होतं, कोणतंही वचन दिलं नव्हतं.

साहेबांबरोबर एक मराठी कारकून होता, दिगंबर पाठारे. त्याने रोज मोडीत वही लिहिली होती. सदतिसाव्या पानावर ते वचन होतं, शब्दाला शब्द. सोमवारी सकाळी दहा वाजता लंडनला लवादापुढे सुनावणी होती, आणि वही जशीच्या तशी आहे, तिला कुणाचा हात लागलेला नाही, असं शपथेवर सांगायचं होतं सुप्रभाला.

आज शुक्रवार. दुपारचे दोन.

तिने वहीचा शेवट उघडला. शिवणीच्या आत, नखाएवढी एक कागदाची कड उभी होती. कोरं पान तिथून धारदार पात्याने कापून काढलेलं.

पान बदललेलं होतं.

२

"ताई, तुम्ही माझ्याकडे असं का बघताय?"

परीक्षितने खांद्यावरची बॅगही काढली नव्हती. सातारचा पोरगा, तीन वर्षं इथे पीएचडी करत होता. ओरुआच्या सुनावणीसाठी मोडी वाचणारा तोच. गेल्या सोमवारी त्यानेच ते पान वाचून काढलं होतं.

"बैस आधी. हे पान तू वाचलंस तेव्हा असंच होतं?"

त्याने पाहिलं. वाचत गेला. "आज साहेबांनी राणीस वचन दिले की लढाई सरताच बंदर व बेट तुमचे तुम्हांस. उभयतांनी जिभेवर मीठ ठेविले... हो. शब्दन् शब्द हेच. का?"

"हे पान खोटं आहे, परीक्षित."

त्याचा चेहरा उतरला. सुप्रभाने भोकाची गोष्ट सांगितली. कापलेली कड दाखवली. तो एकदम उसळला.

"म्हणजे मी केलं? बोला ना स्पष्ट! अख्ख्या केंब्रिजात मोडी लिहू शकणारा मी एकटा. सोमवारी त्यांचा तज्ज्ञ भिंग लावेल, पाच मिनिटांत भोक शोधेल, आणि मग वचनही खोटं, मीही खोटा, बेटही गेलं!"

"ओरडू नकोस. मी अजून काही म्हटलेलं नाही."

"पण ताई, मजकूर तर तोच आहे! जे होतं तेच पुन्हा लिहिण्यासाठी कुणी पान का चोरेल?"

सुप्रभालाही तोच काटा टोचत होता. चोर वचन पळवतो, हे समजू शकतं. पण चोर वचन पळवून जागच्या जागी तेच वचन लिहून ठेवतो? ही कुठली चोरी?

"या पानाची पाठ वाचली होतीस?"

परीक्षितने मान खाली घातली. "नाही. पाच वाजत आलेले, आणि समोर ते वचन. पान उलटायचं भानच राहिलं नाही. उतरवून घेतलं आणि ओरुआच्या लोकांच्या मारेलाला फोन करायला बाहेर पळालो. आत आलो तोवर डॉक्टर पाठाऱ्यांनी, दिगंबररावांच्या नातवाने, वही पिशवीत घातलेली. तेव्हा वही अजून त्यांचीच होती, फोटो काढायलाही त्यांची परवानगी नव्हती. बुधवारी परत आणली तेव्हा पाठ वाचली. वारा, जहाजाचं नाव, बस. अर्धी कोरी."

"अर्धी कोरी," सुप्रभा म्हणाली.

तिने वही चाळली. लढाईचे दिवस, कागदाची टंचाई. दिगंबर पाठारे समासातही लिहायचा. दोन ओळींच्या मध्ये लिहायचा. अख्ख्या वहीत कुठेही एक बोटभर जागा मोकळी नव्हती.

फक्त या एका पानाची पाठ सोडून.

"जरा हे तुझ्या हाताने मोडीत लिही," तिने त्याच्यापुढे एक कागद सरकवला. "काहीही लिही."

परीक्षितने पेन घेतलं. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढली. मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिला एकेक अक्षर टांगत गेला.

सुप्रभाने ते पाहिलं, खोटं पान सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं, आणि तिची नजर माथ्यावरच्या रेघेवर अडकली.

३

शनिवारी सकाळी ती मिल्टन कीन्सला उतरली. शाल्मली तिथेच राहायची, ती गाडी घेऊन आली होती, डॉक्टर शशिधर पाठारे यांची मुलगी, दिगंबर पाठारे यांची पणती. जन्म रीडिंगचा, मराठी घरात ऐकलेलं.

"सुप्रभामावशी, हे काय चाललाय? परीक्षितचा मेसेज आला, कोणीतरी वही चोरला म्हणून?"

"वही आहे गं. पान गेलंय. सोमवारी संध्याकाळपासून बुधवारपर्यंत वही कुठे होती?"

शाल्मलीने एका राउंडअबाउटला वळसा घातला, मग दुसऱ्याला. "सोमवार बाबाकडे, रीडिंगला. मंगळवार पण. बुधवारी मी ऑफिस बुडवून त्याला केंब्रिजला आणायला गेले. वही माझा गाडीतच होता, मागच्या सीटवर, टॉवेलमध्ये. सर्विस स्टेशनला कॉफी घ्यायला थांबलो, दहा मिनिटं. बस." तिने तिरकं पाहिलं. "आणि हो, विचार ना तुला जे विचारायचंय. माझा प्रोजेक्ट गव्हर्न्मेंटचा आहे. म्हणून मी माझ्याच पणजोबाचा वही फाडला?"

"तू मोडी लिहितेस?"

शाल्मली खळखळून हसली. "मावशी, मी बाराखडी लिहिते तर बाबा रडतो!"

रीडिंगच्या घरात चहाचा वास होता आणि भिंतीवर दिगंबर पाठाऱ्यांचा फोटो. पगडी, कोट, छातीवर सरकारने दिलेलं पदक. डॉक्टर शशिधर शहात्तर वर्षांचे, इथल्या हॉस्पिटलांत अडतीस वर्षं हृदयं तपासून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी पत्नी वारली तेव्हापासून एकटेच.

सोफ्यावर मारेला बसली होती, ओरुआच्या लोकांची प्रतिनिधी. वचन घेणाऱ्या राणीच्या नातीची लेक. पन्नाशीची, हाताच्या घड्या घातलेली बाई. लंडनहून पहिल्या ट्रेनने आली होती.

"आमचे वकील म्हणतात, वही मागे घ्या," ती इंग्रजीत म्हणाली. "पान खोटं निघालं तर आम्ही खोटे. पुन्हा अर्ज करायला आम्हाला मुभा नाही. ही शेवटची संधी आहे."

"आणि लोक म्हणतील तुम्हीच ते लिहवून घेतलंत," सुप्रभा म्हणाली.

"म्हणतीलच. तुम्हालाही तसं वाटतं का?"

सुप्रभाने तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तुम्हाला खोटं पान हवं असतं तर ते खरं पान वाचायच्या आधी हवं असतं. परीक्षितने ते वाचलं होतं. मग कशाला बदलाल?"

डॉक्टर चहाचा ट्रे घेऊन आले. कप ठेवताना बशी वाजली.

"अहो सुप्रभाबाई, त्या पोराला पोलिसांत वगैरे देऊ नका हो," ते म्हणाले. "हुशार मुलगा आहे. आणि वचन तर खरंच आहे. माझे वडील सांगायचे ना, बेटावर शब्द द्यायचा तर मीठ खावं लागतं. तिघांनी मीठ खाल्लेलं. असा शब्द कुणी मोडतं का?"

"साखर देशील थोडी?" शाल्मलीने मध्येच विचारलं, बाबाची नक्कल करत. "याला डायबिटीस आहे आणि मला विचारतो."

सगळे हसले. सुप्रभाही हसली. पण कप तिच्या ओठांशी थबकला होता.

पानावर लिहिलं होतं, उभयतांनी. दोघांनी.

४

परतीच्या ट्रेनमध्ये मारेला तिच्या शेजारीच होती. खिडकीबाहेर मेंढ्यांची कुरणं मागे पडत होती.

"एक सांगा," सुप्रभाने विचारलं, "तुमच्याकडे शब्द देताना मीठ कोण खातं?"

"जो देतो तो आणि जो घेतो तो."

"साक्षीदार?"

"नाही. साक्षीदार नुसता पाहतो." मारेला थांबली. "म्हणजे, क्वचित कधी. देणाऱ्यावर विश्वास नसेल तर घेणारा तिसऱ्याच्या जिभेवर मीठ ठेवतो. मग तो नुसता साक्षीदार राहत नाही. तो जामीन होतो. शब्द मोडला तर पाप त्याचं. पण माझ्या आईने अशी गोष्ट कधी सांगितली नाही. त्या दिवशी दोघांनीच मीठ खाल्लं, असंच आम्ही ऐकत आलो."

"डॉक्टरांना हे तुम्ही सांगितलंत?"

"मी त्यांना आज दुसऱ्यांदा भेटले."

सुप्रभाने डोळे मिटले. तिची आई पिठाची गिरणी चालवायची, वाईला. पट्ट्याच्या घरघरीतही ती जात्यावरच्या ओव्या रचायची, आणि एक तर दर चार दिवसांनी गायची:

*पिठात गेलं मीठ, डोळ्यां दिसेना कुणाला*
*घास घेता तोंडी बाई, चव सांगते मनाला*

डोळ्यांना न दिसणारं काहीतरी या पिठात होतं, आणि ते कुणीतरी चाखलं होतं.

"मारेला, ते सरकारी टिपण आहे का तुमच्याकडे? ज्यात लिहिलंय की वचन दिलं नव्हतं?"

मारेलाने फाईल काढली. एक टंकलिखित पान, त्याच तारखेचं. चार ओळींचा कोरडा मजकूर. कोणतेही आश्वासन देण्यात आले नाही. खाली साहेबांची सही.

सुप्रभाने मजकूर वाचलाच नाही. तिची नजर सरळ डाव्या कोपऱ्यात गेली. ऑफिसांत एक रीत असते. सही साहेबांची, पण ज्याने टंकलं त्याने कोपऱ्यात आपली आद्याक्षरं टाकायची. बारीक, फिकट तीन अक्षरं.

डी. आर. पी.

"तुमच्या लोकांनी हे ऐंशी वर्षं वाचलं," सुप्रभा हळूच म्हणाली, "आणि कोपरा कुणी पाहिला नाही."

५

रविवारी सकाळी दहाला तिने पुन्हा रीडिंगच्या घराची बेल वाजवली. वही बरोबर होती. सोबत परीक्षित, मारेला. शाल्मली आधीच येऊन कांदेपोहे करत होती. चोवीस तास उरले होते.

"बसा सगळे," सुप्रभा म्हणाली. "एक गोष्ट सांगते. चुकलं तर टोका.

"माझ्यापुढे पहिला प्रश्न होता, तोच मजकूर पुन्हा लिहिण्यासाठी पान का बदलायचं? उत्तर एकच. बदलणाऱ्याला वचन नको होतं असं नाही. त्याला वचन हवंच होतं. त्याला नको होतं ते पाठीवर होतं. पण पाठ फाडायची तर पोटही फाटतं. म्हणून त्याने पुढची बाजू इमानाने उतरवली, मागे वारा आणि जहाज ठेवलं, आणि उरलेलं गाळलं. गाळलेली जागा त्याला भरता आली नाही. खोटं लिहायची सवय नव्हती त्याला. म्हणून अर्धी पाठ कोरी."

परीक्षित पुढे सरकून बसला.

"दुसरा प्रश्न, कुणाच्या हाताने? परवा याने माझ्यासमोर मोडी लिहिली. कशी लिहिलीस रे?"

"आधी रेघ, मग अक्षरं. मोडी तशीच लिहितात."

"जुन्या जाणत्याकडून शिकला की तसंच शिकतो. दिगंबररावांची अख्खी वही तशीच आहे. भिंगाखाली दिसतं, आधीच्या रेघेवर अक्षरांची शाई चढलेली आहे. पण खोट्या पानावर उलटं आहे. आधी अक्षरं, आणि मग त्यांच्या माथ्यावरून ओढलेली रेघ. आपण सगळे शाळेत बालबोध लिहायला शिकलो तशी. म्हणजे हे लिहिणारा मोडी शिकला, पण माणसाकडून नाही, पुस्तकातल्या तक्त्यावरून. तक्त्यात अक्षरं दिसतात. हात आधी कुठे जातो ते दिसत नाही."

"म्हणजे मी नाही," परीक्षित म्हणाला.

"तू नाहीस. शाल्मलीही नाही."

"थँक यू, मावशी," शाल्मली स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या हातात झारा होता. पण ती हसत नव्हती. ती बाबाकडे बघत होती.

"तिसरं," सुप्रभा म्हणाली. तिला पुढचं वाक्य बोलवत नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाच्या घरात, त्याच्या चहाच्या कपांसमोर. "पानावर दोघांनी मीठ खाल्लं. बेटावर आजवर सगळ्यांना दोघंच माहीत. काल या खोलीत एकजण म्हणाले, तिघांनी. तिसरं मीठ फक्त त्या हरवलेल्या पाठीवर आहे. ज्याने ती वाचली त्यालाच ते ठाऊक."

स्वयंपाकघरातून मोहरी तडतडायचा आवाज आला आणि थांबला.

"आणि चौथं. बुधवारी वही सोपवून गेलात तेव्हा तुम्ही माझ्याकडून पातळ जपानी कागदाचे दोन ताव मागून नेलेत, डॉक्टर. बायकोच्या पत्रांसाठी, म्हणालात. ज्याला जाळायचं असतं तो जपायचा कागद मागत नाही."

डॉक्टर शशिधरांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल शोधला, सापडला नाही.

"बाबा?" शाल्मलीच्या हातातला झारा खाली आला. "बाबा, तू?"

६

"ती गेल्यावर करायचं तरी काय मी या घरात?" ते म्हणाले. "मोडीचं पुस्तक मागवलं. रोज दोन तास. म्हटलं, आजोबांची वही आपण स्वतः वाचू, कुणाला न सांगता. सव्वीस पानं झाली होती. मग या पोराने एकदम सदतिसावं वाचलं. मला वाटलं, पुढचं मीही वाचतो. घरी नेली. पान उलटलं."

ते उठले, भिंतीवरच्या फोटोपुढे उभे राहिले.

"लहानपणी वडील मला या फोटोला नमस्कार करायला लावायचे. म्हणायचे, हा माणूस खरं लिहायचा. शाळेत निबंध लिहिला मी यांच्यावर. आणि त्या पाठीवर... बेटाच्या बाजूचा एकमेव साक्षीदार म्हणून सगळं जग त्यांच्याकडे पाहणार, आणि त्याच पानावर त्यांनी स्वतः..."

"ते सरकारी टिपण त्यांनी टंकलं होतं," सुप्रभाने वाक्य पुरं केलं. "कोपऱ्यात अक्षरं आहेत."

काय झालं, मारेलाने विचारलं. सुप्रभाने भराभर तिला इंग्रजीत सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला, आणि ती ताडकन उभी राहिली.

"तुमच्या आजोबांनी?" ती म्हणाली. "त्या कागदाने आमच्या तीन पिढ्या गिळल्या. माझी आई तो कागद वाचून मेली. आणि तुम्ही, तुमचा फोटो स्वच्छ राहावा म्हणून..."

"हो," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच."

त्यांनी काही सबब सांगितली नाही. ते आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ ते आलेच नाहीत, आणि सुप्रभाच्या मनात भलतंच आलं: गॅसची शेगडी, काडेपेटी, आणि बंद दार.

ती दाराकडे निघाली तोच ते बाहेर आले. हातात पैठणीचा जुना खोका. साडीच्या घडीत, दोन पातळ तावांच्या मध्ये, सदतिसावं पान.

"मंगळवारी तीनदा काडी पेटवली होती," ते म्हणाले. "हात धजला नाही. त्यांचं अक्षर आहे हो."

"त्यांचाही धजला नव्हता," सुप्रभा म्हणाली. "नंतरची सगळी वर्षं वही त्यांच्याच घरात होती. फाडायला एक झटका पुरला असता. कुणीतरी वाचावं म्हणूनच ठेवलं त्यांनी. डॉक्टर, त्यांची लाज तुम्ही झाकायला निघालात, पण ते स्वतः ती उघडी करून गेलेत."

"आणि मी आता काय करू? सोमवारी सगळ्यांसमोर आजोबांना खोटारडा म्हणू?"

"वाचा," मारेला म्हणाली. "आधी मला वाचून दाखवा. तुम्ही. याने नाही."

डॉक्टरांनी पान टेबलावर ठेवलं. बोट अक्षराखाली सरकवत, पहिलीतल्या मुलासारखे अडखळत ते वाचू लागले. परीक्षित ओळीओळीने इंग्रजीत सांगत गेला.

"नंतर म्हातारी मजपाशी आली. चिमूटभर मीठ माझ्याही जिभेवर ठेविले. का, ते दुभाष्याने सांगितले. सायंकाळी साहेबांनी टिपण सांगितले, वचन दिलेले नाही असे. मी टंकिले. साहेब म्हणाले, पदक मिळेल. ज्याचे मीठ खाल्ले त्यास जागावे म्हणतात. आज मी दोहोंचे खाल्ले. जागलो एकासच. वाचणाराने मला क्षमा न करावी. खरे तेवढे उचलावे."

सगळ्यात शेवटी समासात, कागद संपल्यामुळे आडवं लिहिलेलं: "मीठ अजून तोंडात आहे."

मारेलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मग तिने हात खाली घेतले. "यांना वाटलं, या पाठीने बिघडेल. अहो, याच पाठीवर सगळं आहे. वचन दिलं हे पोटावर आहे, आणि ते नाकारलं कसं गेलं हे पाठीवर. समोरच्यांकडे एकच कागद आहे, आणि तो खोटा आहे हे तो टंकणाराच लिहून गेलाय."

सुप्रभाने वही उघडली. खोटं पान हलक्या हाताने बाजूला काढलं, खरं पान शिवणीतल्या कडेला लावलं. फाटलेल्या कागदाचे दात एकमेकांत बसले. मग तिने ती पानं खिडकीच्या उजेडात उभी धरली, पस्तीस, छत्तीस, सदतीस, अडतीस.

मोहरीएवढा उजेडाचा एक ठिपका सगळ्या पानांतून पार होऊन टेबलावर पडला. पोह्यांच्या बशीशेजारी.

"पोहे गार झाला," शाल्मली रडत रडत म्हणाली.

७

सोमवारी लंडनला ऊन पडलं होतं. सुप्रभाने शपथेवर जे होतं ते सगळं सांगितलं, भोक, कापलेली कड, रेघ, दोन्ही पानं. समोरच्या बाजूच्या तज्ज्ञाने भिंग लावलं, पुन्हा लावलं, आणि खऱ्या पानाबद्दल त्याला काही विचारायचं उरलं नाही. मग समोरचे वकील उठले. एकदा पान बदलणाऱ्या माणसाच्या घरातून आलेल्या वहीवर विश्वास का ठेवायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तेव्हा डॉक्टर शशिधर पाठारे साक्षीला उभे राहिले. पान मी बदललं, म्हणाले. का, तेही सांगितलं. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती घेईन, म्हणाले. त्यांनी पूर्ण पाठ मोडीतून स्वतः वाचली, कुठे अडखळले तिथे थांबून पुन्हा वाचली. समोरच्या वकिलांच्या टेबलावर ते चार ओळींचं टिपण होतं. कोपऱ्यातली तीन अक्षरं त्या दिवशी प्रथमच कुणीतरी मोठ्याने वाचली.

दुपारी अध्यक्षांनी जाहीर केलं की वही पुराव्यात घेतली आहे, आणि ते टिपण यापुढे खरं धरलं जाणार नाही. बाकी निकाल यथावकाश. मारेला बाकावर तशीच बसून राहिली. तिने पर्समधून कागदाची एक पुडी काढली होती, बेटावरच्या मिठाची. सकाळपासून ती तिच्या मुठीत होती.

वाचून झाल्यावर, नोंदीसाठी, अध्यक्षांनी डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारला होता. या प्रकरणात आपलं नातं काय? वहीचे मालक? तज्ज्ञ? साक्षीदार?

डॉक्टर क्षणभर मारेलाकडे बघत राहिले होते.

"यांतलं काहीच नाही," ते म्हणाले होते. "मी जामिनाचा नातू."